वैद्याचा ग्रंथ आणि रोग्याची वाणी

मिशनरी वैद्यांनीं लिहिलेल्या ग्रंथांकडे आपले टीकाकार सहसा वळत नाहींत. भाविकांस ते प्रचारग्रंथ म्हणून प्रिय, इतरांस त्याच कारणास्तव अप्रिय. वाङ्मय म्हणून त्यांची परीक्षा व्हावी असें कोणासच वाटत नाहीं. नागपूरकरांस तरी हा विषय परका नसावा. सीताबर्डीवरील मुरे मेमोरियल रुग्णालय स्कॉटिश मिशननें १८९६ सालीं स्थापिलें, आणि ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियाचें कार्यालयहि दिल्लीस जाण्यापूर्वीं बरींच वर्षें याच शहरांत होतें.

या जातीच्या ग्रंथांचा नमुना म्हणून डॉ. विल्यम वॉन्लेस यांचें १९३२ सालीं निघालेलें ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’ हें पुस्तक घ्यावें. वॉन्लेस १८८९ त या देशांत आले. १८९४ त त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि त्यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ति ऐकून दूरदूरचे रोगी तेथें येऊं लागले. त्या कार्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु ग्रंथाच्या नांवाचें व्याकरण पाहावें: कर्ता अमेरिकन डॉक्टर, क्रिया त्याची, आणि हिंदुस्थान सप्तमी विभक्तींत! अशा ग्रंथांतून रोगी येतो, बरा होतो, कृतज्ञ होतो, बोलतो क्वचितच. औषधाबरोबर उपदेशहि चालावा हा त्या पिढीचा हेतु होता, आणि तिनें तो लपविलाहि नाहीं.

डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचा १९९४ चा ‘जामखेड’ हा ग्रंथ याच परंपरेंतून निघाला आणि तिच्याबाहेर पडला. दोघेंहि ख्रिस्ती, दोघेंहि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं; तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील या अवर्षणग्रस्त गांवीं तीं १९७० त आलीं. ग्रंथाचा खरा प्रारंभ मात्र त्यांच्या एका चुकीपासून होतो. खेडोपाडीं शिकलेल्या परिचारिका ठेवाव्या अशी प्रथम योजना होती. त्या तेथें रमल्या नाहींत, गांवानेंहि त्यांस आपलें म्हटलें नाहीं. तेव्हां गांवांतल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळ दलित, कांहीं नवऱ्यानें टाकलेल्या. त्यांनीं बाळंतपणें करावीं, मुलांचीं वजनें घ्यावीं, हगवणीवर साखर-मिठाचें पाणी पाजावें, आणि दर आठवड्यास जामखेडला येऊन नवें शिकून जावें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ तच या प्रयोगाची हकीकत आपल्या ग्रंथांत छापली, १९७९ त आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आम्हांस मात्र या गौरवापेक्षां कूपनलिकांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. पाण्यासाठीं जमीन खणावयाची ठरली, तेव्हां पंप दलितांच्या वस्तींत बसतील अशी तजवीज करण्यांत आली. पाणी हवें तर सवर्ण स्त्रियांनीं कळशी घेऊन तिकडे जावें! वैद्यकाच्या कोणत्या पाठ्यपुस्तकांत हा उपाय सांपडेल?

येथें कित्येक वाचकांस धर्मांतराची शंका येईल. ग्रंथकारांनीं आपली श्रद्धा झांकलेली नाहीं; पण तिचा हिशेब ते बाप्तिस्म्यांच्या संख्येंत मांडीत नाहींत. शंकेखोरांनीं ग्रंथ वाचूनच निवाडा करावा.

आमची तक्रार निराळी आहे. या बाया आपली हकीकत स्वमुखानें सांगतात, हा ‘जामखेड’चा सर्वांत मोठा गुण, वॉन्लेस यांच्या ग्रंथाहून तो वेगळा ठरतो तो याच ठिकाणीं. परंतु त्या बोलल्या मराठींत आणि ग्रंथ लिहिला गेला इंग्रजींत. ‘पोटांत गोळा उठतो’, ‘अंगावर जातें’, ‘बाहेरचें लागलें’ असें ज्यांच्या तोंडीं सहज यावें, त्या सर्वजणी येथें एकाच इस्त्रीच्या सभ्य इंग्रजींत बोलतात. कोण चिडकी, कोण थट्टेखोर, हें वाक्यावरून ओळखूं येत नाहीं. त्यांचीं भांडणेंहि आम्हांस जरा लौकर मिटतांना दिसतात. खेड्यांतलें वैर इतक्या थोड्या पानांत निवत नाहीं.

आम्ही यांतील एक निवेदन वर्गांत वाचून दाखविलें, तेव्हां नगरकडच्या एका विद्यार्थिनीनें तें आपल्या आजीच्या बोलींत परत सांगून पाहिलें. तें जवळजवळ दुप्पट लांब झालें, आणि त्यांत इंग्रजींत मुळींच नसलेल्या दोन शिव्या आल्या.