मागच्या चाकातली मितभाषी डिस्क

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठा गाव मागे पडलं की पठार सोडून घाट उतरतो, आणि पायथ्याशी फर्दापूर लागतं. लेण्यांना आलेल्या खाजगी गाड्या इथल्या टी पॉइंटवर थांबतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. सुट्टीच्या दिवशी नुकत्याच घाट उतरलेल्या गाड्या इथे ओळीने उभ्या असतात, चाकांना अजून ऊब असते. चाकांचं वेड असलेल्याने लेण्यांआधी इथेच एक फेरी मारावी. पुढची चाकं जवळपास सगळ्यांची डिस्क ब्रेकचीच. मालकाची हौस आणि ऐपत दोन्ही कळतात ती मागच्या चाकावरून.

मागे बहुतेकांना ड्रम ब्रेक. एखाद्याने ड्रमला लालभडक रंग दिलेला, एखाद्याने वरून डिस्क-कॅलिपरचं खोटं कव्हर चिकटवलेलं. हसू येतं, पण चिडावंसं वाटत नाही; निदान ते काही बिघडवत नाहीत. आणि मग क्वचित एखाद्या साध्या बलेनोच्या अलॉयमागे खरी डिस्क दिसते, लहान, पातळ, भोकं नाहीत की खाचा नाहीत. वाकून बघावं ती ही.

मारुतीने 2017 मध्ये बलेनो आरएस आणली. एक लिटरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना डिस्क. गाडी फार चालली नाही, 2020 मध्ये बंदही झाली. पण अंग साध्या बलेनोचंच, घराणं तेच. म्हणून कमी खर्चात काम करू बघणाऱ्यांची नजर तिच्या सुट्या भागांवर गेली. मला यातली निवड आवडते. बाहेरून मागवलेल्या चकचकीत संचात पैसे घालण्यापेक्षा आपल्याच गाडीच्या सख्ख्या भावंडाचा कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, त्याचीच हँडब्रेकची केबल घेणं यात काटकसर आहेच, शिवाय जाणही आहे. कंपनीच्या इंजिनिअरांनी जवळपास तेवढ्याच वजनाच्या गाडीसाठी बसवलेला हिशेब त्या लोखंडात आयता मिळतो.

तो हिशेब असा. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढच्या चाकांवर मुळात साठ टक्के वजन असलेली छोटी गाडी जोरदार ब्रेकमध्ये पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते. मागच्या टायरांकडे पकड अशी उरतेच किती? तिथे ब्रेक जास्त लागला तर मागची चाकं आधी बांधली जातात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणजे मागच्या ब्रेकचं काम थोडंच करायचं आणि ते अगदी मापात करायचं. डिस्क लावली म्हणून गाडी निम्म्या अंतरात थांबेल असं जो सांगतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. थांबायचं अंतर शेवटी टायर ठरवतं.

मग डिस्कची गोडी कशात? एकसारखेपणात. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे थोड्या दाबात मोठा जोर मिळतो. स्वस्त आणि हुशार युक्ती आहे ती, मला तिचा आदर आहे. पण हाच शू लायनर तापला, ओला झाला की लहरी होतो, आणि तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब सरकतो. डिस्कला ही ओढ नाही. पॅड जितका दाबाल तितकाच धरणार, आणि तापून फुगली तर ती पॅडकडेच फुगते. ती ओढ नाही म्हणूनच कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरहून बराच जाड असतो. क्षेत्रफळ तिपटीच्या आसपास. आपोआप मिळणारा जोर गेला, तो तेलाच्या दाबाने भरून काढायचा. त्याची किंमत पेडलवर दिसते. तेल जास्त लागतं, पेडल थोडं खोल जातं. फिटरने एअर नीट काढली नसेल तर ते स्पंजासारखं लागतं आणि सगळ्या कामाची चव जाते.

घाटात या गुणाची परीक्षा होते. हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली आली की सुमारे पावणेदहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ऐंशीवरून चार वेळा थांबण्याइतकी. शहाणा चालक त्यातली बरीचशी दुसऱ्या गियरमध्ये इंजिनला देतो. उरलेली उष्णता होते, आणि उघड्यावर फिरणारी डिस्क ती ड्रमपेक्षा लवकर हवेत सोडते. इथे एक स्वस्त सुधारणा सुचवतो: ब्रेक ऑइल. डॉट 4 ताजं असताना 230 अंशांना उकळतं, हवेतली ओल शोषून जुनं झालं की 155. मागच्या डिस्कवर खर्च करून जुनं तेल तसंच ठेवणारे पाहिले की वाईट वाटतं.

या जोडणीतला माझा सर्वांत आवडता भाग बाहेरून दिसत नाही. कॅलिपरच्या पिस्टनच्या पोटात हँडब्रेकसाठी एक स्क्रू असतो. केबल ओढली की तरफ फिरते आणि स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो. पॅड झिजत जातो तसा तोच स्क्रू फरक भरून काढतो. एकाच पिस्टनला तेलही हलवतं आणि तारही. नवे पॅड घालताना हा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. ज्याने शिकंजा लावून त्याला जबरदस्तीने आत ढकललं, त्याने ती यंत्रणा मोडली.

दोष सांगायला हवेत. कमी काम म्हणजे कमी घासण, म्हणून मागच्या डिस्कवर गंज लवकर बसतो. फोक्सवॅगनने आयडी.4 या विजेच्या गाडीला मागे पुन्हा ड्रम दिले, त्यामागे हेही एक कारण. एबीएस 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, आणि ड्रमवाल्या गाडीत त्याचं गणित कारखान्यात ड्रम धरूनच बसवलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते ठणकावलं. तेव्हा आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारावं. सख्ख्या भावंडाचा भाग आहे, ही सबब तिथे पुरत नाही.

आणि हँडब्रेक. इथे ड्रमच सरस. घाटातून तापून आलेली डिस्क उभी राहिली की थंड होते, आकसते, आणि पॅडची पकड सैल पडते. उतारावर अशा गाड्या थोड्या वेळाने आपोआप घरंगळल्याची उदाहरणं जगभर आहेत. म्हणून त्या बलेनोवाल्याने टी पॉइंटवर उतरताना हँडब्रेक एक खाच जास्त ओढावा, गाडी गियरमध्ये ठेवावी आणि मगच बसच्या रांगेला लागावं.