सत्यप्रत कोणती?

शासकीय सेवेत असताना आम्ही असंख्य कागदांवर ‘सत्यप्रतिलिपि’ हा शिक्का मारून स्वाक्षरी केली. मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवावी, अक्षर जुळले की काम संपले. नक्कल म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हांला पडला तो सेवानिवृत्तीनंतर, आजीच्या पैठणीच्या निमित्ताने. तिचा पदर जागोजाग विरला आहे. त्याचे छायाचित्र कापडावर छापून दिवाणखान्यात लावावे, असे नातीने सुचविले. उत्तर देण्यापूर्वी युरोपातील जुन्या भित्तिपटांच्या, म्हणजे टॅपेस्ट्रींच्या, प्रतिकृतींचा विचार करणे आम्हांला उचित वाटले. कारण टॅपेस्ट्री आणि पैठणीचा पदर यांचे विणकामतत्त्व एकच आहे. बाण्याचा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत न जाता आपल्या आकृतीच्या सीमेवरून मागे फिरतो. तेथे चित्र कापडावर काढलेले नसते. चित्र हेच कापड असते.

अशा भित्तिपटांच्या प्रतिकृती तीन प्रकारच्या असतात. त्यांची पारख करण्यासाठी त्या उलटून पाहाव्यात. छापील प्रतीची मागची बाजू फिकट किंवा कोरी असते. जॅकार्ड यंत्रमागावरील प्रत विणलेली खरी. पण तिचे धागे सबंध पन्हाभर धावतात आणि मागे रंगांची उलटापालट दिसते. हातमागावरील प्रतीच्या मागे मात्र तेच चित्र, डावे-उजवे बदलून, धाग्यांच्या टोकांसह उभे असते. म्हणून ‘विणलेली’ एवढ्या विशेषणावर विसंबून चालत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे युनिकॉर्न या एकशृंगी प्राण्याच्या शिकारीचे, इ. स. १५०० च्या सुमाराचे सात भित्तिपट. ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहेत. १९९८ मध्ये त्यांचे अस्तर काढले तेव्हा प्रकाशापासून दूर राहिलेल्या मागील बाजूचे रंग विलक्षण ताजे आढळले. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्यासाठी २००१ पासून सुमारे चौदा वर्षे खपून वेस्ट डीन महाविद्यालयाच्या विणकरांनी हीच मालिका हातमागावर पुन्हा विणली. मुळाइतकी बारीक वीण त्यांनी ठेवली नाही. एका पटाचे आज दोनच तुकडे उरले आहेत; त्याचा हरवलेला भाग नव्याने रचावा लागला. आमच्या जुन्या शिक्क्याच्या कसोटीला ही प्रत उतरणार नाही. तरीही, पानाची कडा कोठे वळवावी, छाया किती धाग्यांत उतरवावी, हे मूळ विणकरापुढचे प्रश्न तिने पुन्हा सोडविले. छायाचित्राला हे प्रश्न पडतच नाहीत.

तथापि छापील प्रतीला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. डाग, रफू, विटलेला रंग यांसह आजची अवस्था ती जशीच्या तशी नोंदविते, अल्प खर्चात घरोघरी पोहोचते आणि मूळ वस्त्राला उजेडापासून विश्रांती देते. उलटपक्षी, हाताने विणले म्हणजे टिकलेच असेही नाही. पॅरिसच्या क्ल्युनी संग्रहालयातील ‘स्त्री आणि युनिकॉर्न’ या प्रसिद्ध पटांच्या खालच्या भागाची एकोणिसाव्या शतकात पुनर्वीण झाली. तेथील नवे रंग शतकानुशतके जुन्या लालीहून अधिक विटले. द्रव्याचे ज्ञान नसेल तर हातचे कसबही अपुरे पडते.

आमचा निष्कर्ष असा: छापील प्रत वस्तूची स्मृती राखते, हातविणीची प्रत विद्या राखते. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात नांदलेल्या कुटुंबांना हा भेद सांगावयास नको. आजोबांच्या मोडी पत्रांची छायाचित्रे अनेक घरांतून चौकटीत आहेत. ती वाचणारे मात्र विरळ. जपलेल्या प्रतीने जपणुकीचे समाधान मिळते आणि विद्या गेल्याचे ध्यानातही येत नाही, हाच खरा धोका.

नातीला आम्ही संमती दिली. पदराचे चित्र छापून भिंतीवर लागले. पैठणी मलमलीत गुंडाळून कपाटात, अंधारात, विसावली. अट एकच घातली: येत्या सुट्टीत तिने आमच्याबरोबर येवल्यास यावे, मागाशेजारी बसावे आणि धागा मागे कोठे व का फिरतो ते विणकराकडून समजून घ्यावे. चित्राखाली ‘सत्यप्रतिलिपि’ लिहू का, असे तिने हसत विचारले. येवल्याहून परतल्यावर तूच ठरव, असे आम्ही सांगितले आहे.