शॅननची आकृती आणि संज्ञापनाचा अभ्यास

बारावीनंतर मास मीडिया, पत्रकारिता किंवा संज्ञापन या विषयांत पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांत विज्ञान शाखेतून आलेली मुलेही असतात. या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत एक आकृती बहुधा भेटतेच. डावीकडे संदेशाचा उगम, मग प्रेषक यंत्र, मध्ये मार्ग, पुढे ग्राहक यंत्र आणि शेवटी संदेश ज्याच्यासाठी आहे तो. मार्गावर एक बाण येऊन आदळतो. तो नॉइज म्हणजे गोंगाट. आकृतीखाली 'शॅनन-वीव्हर प्रारूप' असे लिहिलेले असते, आणि 'माणसामाणसांतले संज्ञापन कसे होते' या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती शिकवली जाते. आमची तक्रार आहे ती या शेवटच्या गोष्टीविषयी.

ही आकृती मुळात कशासाठी काढली गेली ते पाहू. क्लॉड शॅनन हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणिती. १९४८ साली त्यांचा 'संज्ञापनाचा गणिती सिद्धांत' हा लेख बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. प्रश्न तारायंत्राचा आणि टेलिफोनचा होता. एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा, किंवा जवळजवळ तसा, कसा उभा करायचा? आणि दिलेल्या तारेतून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती संदेश बिनचूक पाठवता येईल? लेखाच्या सुरुवातीलाच शॅनन यांनी स्पष्ट केले आहे की, संदेशांना बहुधा अर्थ असतो, पण त्या अर्थाचा या अभियांत्रिकी प्रश्नाशी संबंध नाही.

अर्थ बाजूला ठेवल्यामुळेच 'माहिती' मोजता आली. नाणे उडवले आणि छापा पडला की काटा, हे कळले म्हणजे एक बिट माहिती मिळाली. सारख्याच शक्यतेच्या आठ गोष्टींतली नेमकी कोणती हे कळले, तर तीन बिट. कारण 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे असलेले तीन प्रश्न पुरतात. जुलै महिन्यात कोकणातून 'आज पाऊस पडला' असा निरोप आला, तर त्यात माहिती जवळजवळ शून्य. तोच निरोप जानेवारीत आला तर पुष्कळ. म्हणजे ही माहिती अनिश्चिततेचे माप आहे, अर्थाचे नव्हे. पास आणि नापास यांची शक्यता समसमान असेल, तर विद्यार्थ्याचा निकाल हीसुद्धा एकच बिट. नाण्याचीही तेवढीच. घरातल्या मंडळींच्या दृष्टीने या दोहोंत केवढे अंतर आहे, हे शॅनन यांचे सूत्र सांगत नाही, आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

मग ही आकृती संज्ञापनाच्या वर्गात आली कशी? १९४९ मध्ये शॅनन यांचा लेख पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याला वॉरन वीव्हर यांचा एक विवेचक निबंध जोडलेला होता. वीव्हर यांनी तीन पातळ्या मांडल्या. चिन्हे बिनचूक पोहोचतात का ही पहिली, अर्थ बरोबर पोहोचतो का ही दुसरी, आणि ऐकणाऱ्याच्या वागण्यावर हवा तो परिणाम होतो का ही तिसरी. पहिल्या पातळीचा सिद्धांत वरच्या दोन पातळ्यांनाही बराच लागू पडेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. अर्थाच्या बाबतीतही गोंगाट असतो, अशी सूचना केली. ती आशा होती, सिद्ध झालेली गोष्ट नव्हती. पाठ्यपुस्तकांनी आशेचे रूपांतर सिद्धांतात केले. खुद्द शॅनन यांना हे रुचले नसावे. १९५६ साली 'द बँडवॅगन' नावाच्या छोट्या टिपणात त्यांनी, माहिती-सिद्धांताची नाममुद्रा वाटेल त्या विषयावर उमटवण्याच्या लाटेविरुद्ध इशारा दिला. आकृती शिकवताना हा इशाराही शिकवला पाहिजे.

कोणी म्हणेल, तपशिलाची एवढी चिकित्सा कशाला? आकृती सोपी आहे, मुलांना सुरुवात तरी करून देते. हे आम्हांला मान्य नाही, कारण या आकृतीतून एक चुकीची सवय लागते. समोरच्याला पटले नाही, तर मध्ये गोंगाट झाला असेल असे वाटू लागते. त्यावर उपाय म्हणजे आवाज वाढवा, जाहिरात पुन्हा दाखवा, भित्तिपत्रक मोठे करा! तारेच्या बाबतीत हे उपाय योग्यच आहेत. माणसांच्या बाबतीत काय होते, याचे उदाहरण पोलिओच्या मोहिमेत मिळते. या शतकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशाच्या काही भागांत अनेक कुटुंबांनी थेंब नाकारले. 'मुलांना थेंब पाजा' हा संदेश त्यांना ऐकू आला नव्हता असे नाही. तो स्पष्ट पोहोचला होता. त्यांच्या मनात शंका होत्या आणि सांगणाऱ्यांवर विश्वास नव्हता. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलू लागल्या, स्थानिक धर्मगुरूंनी आणि वडीलधाऱ्यांनी मोहिमेला साथ दिली, तेव्हा नकार कमी होत गेला. भारतातला वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. या यशात लसीबरोबर त्या संभाषणांचाही वाटा आहे, आणि शॅननच्या आकृतीत त्यांना जागा नाही.

आकृतीऐवजी शिकवावे असे आपल्याकडे काही आहे का? आहे, आणि तेही मराठीतले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट स्थापन केले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. गटाने तो एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची धुरा पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी वाहिली.

या प्रयोगाची खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती. काहींत रेडिओ होता पण गट नव्हता. काहींत रेडिओही नव्हता. तिन्हीकडे आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. गट असलेल्या गावांत शेतीविषयीच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. कार्यक्रम तोच, लहरी त्याच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे लगेच उमगेल, कारण नियंत्रित प्रयोग त्याच्या ओळखीचा असतो. १९५९ नंतर ही योजना देशभर नेण्यात आली. आपल्याच मातीतला हा प्रयोग पहिल्या सत्रात शिकवण्याजोगा नाही काय?

याचा अर्थ शॅनन यांना अभ्यासक्रमातून हद्दपार करावे असा नव्हे. उलट ते नीट शिकवावेत. 'उद्या सका– शा–ला सुटी आ–' हे वाक्य कोणीही पुरे करील, कारण भाषेत आवश्यकतेपेक्षा जास्त खुणा असतात. पण 'सुटी २– तारखेला' यातला गेलेला अंक कोणालाच भरता येणार नाही. म्हणून तर धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात. वार्ताहर होऊ घातलेल्याने यातून घेण्याजोगा धडा आहे: बातमीतला आकडा हा सर्वांत नाजूक भाग, तो दोनदा तपासावा. शॅनन यांचा हा खरा उपयोग पुस्तकांतून मात्र क्वचितच सांगितला जातो.

शिक्षकांना पुण्याचा प्रयोग छोट्या प्रमाणावर शाळेत करता येईल. एकाच इयत्तेच्या तीन तुकड्या घ्या. विज्ञानाच्या एखाद्या ताज्या बातमीवर पाच प्रश्न काढा आणि तिन्ही तुकड्यांकडून त्यांची उत्तरे आधी लिहून घ्या. मग पहिल्या तुकडीला बातमी नुसती वाचून दाखवा. दुसरीला वाचून दाखवा आणि दहा मिनिटे आपसांत चर्चा करू द्या. तिसरीला काहीच सांगू नका. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि सरासरी गुण फळ्यावर मांडा. एका शाळेतल्या तीन तुकड्यांवरून नियम सिद्ध होत नाही, हेही मुलांना सांगा. तुकड्या मुळात सारख्या होत्या का, असे त्यांनीच विचारले तर फारच उत्तम.

असा प्रयोग स्वतः केलेली मुले उद्या माध्यमांच्या वर्गात बसली आणि फळ्यावर ती आकृती उमटली, तर त्यांनी प्राध्यापकांना आदराने दोन प्रश्न विचारावेत. ही आकृती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून काढली होती? आणि ती माणसांना लागू पडते, हे कोणी आणि कसे तपासले?