सत्तावीस दिवसांत निरभ्र आकाश?

गेल्या वर्षी विज्ञान दिनाच्या निमित्ताने कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. व्याख्यानाआधी मुलांना ‘२०१२’ या इंग्रजी चित्रपटातला काही भाग दाखवण्यात आला. रोलँड एमरिख यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्यात अमेरिकेतला यलोस्टोन हा महाज्वालामुखी फुटतो, जमीन फुगून वर येते आणि राखेच्या लोटापुढे एक छोटे विमान जिवाच्या आकांताने पळत सुटते. दिवे लागल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आपला पन्हाळा असा फुटेल का?” मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “आणि फुटला तर आम्हाला त्या जहाजात घेतील का?” सगळे हसले. मला मात्र दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटला. त्याच्या अनुषंगाने या चित्रपटाकडे पुन्हा पाहावे, म्हणून हा लेख.

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पन्हाळा फुटणार नाही. त्याच्या माथ्यावर जांभा आहे आणि जांभ्याखाली बेसॉल्टचे थर. हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वाहत आला. आपले डोंगर म्हणजे ज्वालामुखीचे शंकू नव्हेत. एकावर एक साचलेले लाव्हाचे थर पाण्याने कोरून काढल्यावर जे उरले, ते हे डोंगर. आज भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे.

आता चित्रपट. सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंमुळे पृथ्वीचा गाभा तापतो, अशी त्यातली कल्पना आहे. प्रत्यक्षात आपल्या बोटाच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी सौर न्यूट्रिनो आरपार जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा चुका शोधण्यात वर्गाचा एक तास मजेत जाईल. पण करमणुकीसाठी काढलेल्या चित्रपटाला एवढी सूट द्यायला हरकत नाही. माझे आक्षेप याहून गंभीर अशा दोन गोष्टींना आहेत.

पहिला आक्षेप काळाबद्दलचा आहे. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर नव्या कालगणनेची तारीख येते : पहिले वर्ष, पहिला महिना, सत्ताविसावा दिवस. जहाजांची दारे उघडतात, स्वच्छ ऊन पडते आणि वाचलेली माणसे आफ्रिकेच्या दिशेने निघतात. खऱ्या उद्रेकाचे आपल्याशी असलेले नाते नेमके येथून सुरू झाले असते!

महाउद्रेकात किमान १,००० घनकिलोमीटर पदार्थ बाहेर फेकला जातो. लाव्हा आणि तप्त राख यांचा नाश प्रादेशिक असतो. जगभर पसरतो तो सल्फर डायॉक्साइड वायू. स्थितांबरात पोचल्यावर त्याच्यापासून गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात. तेथे पाऊस नसल्याने ते धुऊन निघत नाहीत. वर्ष-दोन वर्षे तरंगत राहून सूर्यप्रकाश परतवतात. फिलिपाइन्समधला पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी फुटला. तो महाज्वालामुखी नव्हता. तरीही त्याने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायॉक्साइड वर सोडला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. जमिनीवरचा पाऊसही घटला. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा फुटला, तेव्हा १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही आणि पिके बुडाली. जमीन पुरेशी तापली नाही तर मान्सूनचे वारे दुबळे पडतात. म्हणजे दूरचा ज्वालामुखी आपल्या दारात येईल तो अवर्षणाच्या रूपाने. त्याचे दृश्य चित्रपटाला शोभणारे नाही, म्हणून पडद्यावर ते येत नाही.

अशा दूरच्या उद्रेकाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ बोरी गावी कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख सह्याद्रीची नव्हे. सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची आहे. तोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्याच उद्रेकाची की तोबाच्या आणखी जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांत वाद झाला. तिचे वय चौदा लाख, आठ लाख आणि ७४,००० वर्षे असे निरनिराळे काढले गेले. विज्ञान असे चाचपडत पुढे जाते, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

त्या शेवटच्या उद्रेकाने मानवजात जवळजवळ नष्ट केली, असा एक सिद्धान्त १९९० च्या दशकात मांडला गेला. पण आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरीसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तोबाच्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे बरीचशी सारखी दगडी हत्यारे मिळाली. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. हत्यारे करणारी माणसे नेमकी कोण, यावर चर्चा आहे. मात्र राख पडल्यानंतरही तेथे माणसे नांदत होती, हे दिसते. त्यांच्याकडे जहाज नव्हते.

दुसरा आक्षेप ज्ञानाबद्दलचा आहे. चित्रपटात संकटाची पहिली खूण भारतातल्या एका खोल तांब्याच्या खाणीत, सतनाम या भारतीय शास्त्रज्ञाला दिसते. मग सरकारे ती बातमी गुप्त ठेवतात, जहाजे बांधतात आणि एका जागेला शंभर कोटी युरो घेतात. सतनामला न्यायला येणारे विमान येतच नाही आणि तो कुटुंबासह लाटेखाली जातो. दिग्दर्शक या अन्यायाबद्दल हळहळतो, परंतु पूर्वतयारी म्हणजे काही जणांना ठाऊक असलेले गुपित, ही कल्पना तशीच राहते. मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न तिथूनच आला.

खरी पूर्वतयारी याच्या नेमकी उलट असते. पिनाटुबो जागा होताच तिथल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांच्या मदतीने इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि जाहीर केल्या. कोणत्या पायरीला कोणी काय करायचे, हे लोकांना कळले. हजारो माणसे आधीच हलवली गेली आणि किमान पाच हजार जीव वाचले. जे मेले, त्यांतले बरेचसे त्याच दिवशी आलेल्या वादळी पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छप्परे कोसळून मेले. याउलट १९८५ साली कोलंबियात नेवाडो देल रुईझ फुटला, तेव्हा धोक्याचा नकाशा तयार होता. पण तो लोकांपर्यंत वेळेवर पोचला नाही. आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्यात गेले आणि एकूण सुमारे २३,००० माणसे दगावली. फरक पडला तो माहिती कोणाच्या हाती होती, यामुळे.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला आणि शहरात दूध, भाजी, इंधन यांची टंचाई झाली. एक रस्ता अडला तर हे होते. मग सलग दोन मोसम पाऊस हुकला तर?

तो दिवस उद्याच येईल, असे मला सुचवायचे नाही. यलोस्टोनच्या महाउद्रेकाची शक्यता वर्षाला सुमारे सात लाखांत एक मानली जाते. मात्र तांबोराएवढा उद्रेक या शतकात होण्याची शक्यता मायकेल कॅसिडी व लारा मानी यांनी २०२२ साली सहांत एक अशी मांडली, आणि जगाची त्यासाठी तयारी नाही, असेही बजावले. जगाचा धान्यसाठा अलीकडच्या वर्षांत वार्षिक वापराच्या सुमारे तीस टक्के, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा असतो. ज्वालामुखी कोणालाही थोपवता येणार नाही, पण साठा वाढवता येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. त्यांच्यासमोर तोबा नव्हता, अवर्षण होते. पण उपाय दोन्हींवर तोच : धान्य, पाणी आणि सर्वांपर्यंत पोचणारी व्यवस्था.

शिक्षकांनी हा चित्रपट जरूर दाखवावा, शेवटच्या दृश्यावर थांबवून मुलांना विचारावे, “अठ्ठाविसाव्या दिवशी हे लोक काय खातील?” मग आपल्या गावात किती महिन्यांचे धान्य असते, ते रेशन दुकानात, सोसायटीत आणि घरोघरी विचारून काढायला सांगावे. आकडा बिनचूक येणार नाही, पण तो कोठे विचारायचा हे मुलांना कळेल.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : “बाळ, त्या जहाजात सतनामलाही जागा मिळाली नाही. आपण जहाजाची वाट पाहायची नाही. आपल्या गावाचे कोठार भरलेले आहे का, ते पाहायचे.”