बालसाहसकथेतील हिम आणि बर्फ

मराठी बालवाङ्मयावर आजवर जी टीका झाली, तिचा बराचसा भाग बोध आणि रंजन ह्या दोन शब्दांभोवती फिरलेला आहे. कथेने मुलांस शिकवावे की रमवावे, हा वाद जुना आहे. तो येथे पुन्हा उकरण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस त्याहून पुष्कळ लहान, परंतु अनुवादकास आणि शिक्षकास हटकून अडविणारा एक प्रश्न घ्यावयाचा आहे. पाश्चात्त्य बालसाहसकथांपैकी एक मोठा आणि सरस वर्ग हिमाच्छादित प्रदेशांत घडतो. ह्या कथा मराठीत आणावयाच्या तर त्यांतील हिमाचे काय करावयाचे?

हा प्रश्न बुऱ्हाणपुरात बसून विचारला म्हणजे त्याची धार कळते. तापीकाठच्या ह्या शहरी ऐन उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि येथल्या मुलाची बर्फाशी ओळख होते ती ह्याच दिवसांत. गोणपाटात गुंडाळलेल्या, लाकडाच्या भुशात दडविलेल्या लादीच्या रूपाने. म्हणजे बर्फ ही त्याच्या लेखी उन्हाळ्यातील वस्तू! ती विकत मिळते, ती सुखाची आहे, आणि ती टिकत नाही एवढेच तिच्याविषयीचे दुःख. अशा मुलापुढे ‘जिकडे तिकडे बर्फ पसरला होता’ असे वाक्य आपण ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात भयाऐवजी चैन उभी राहिली, तर दोष त्याचा नव्हे.

आपल्यापाशी दुसरा शब्द आहे, तो ‘हिम’. परंतु त्याचा प्रवास निराळ्या वाटेने झाला आहे. तो आपल्याकडे काव्यातून आला. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी कालिदासाने हिमालयाचे वर्णन करताना हिम हा त्या पर्वताचा दोष मानला, आणि अनेक गुणांच्या राशीत तो चंद्रावरील डागाप्रमाणे लोपून जातो असे म्हटले. हिम हा दोष आहे, ही जाण त्यात आहे खरी. पण ते हिम दुरून पाहावयाचे आहे, त्यातून चालावयाचे नाही. तुषार, तुहिन, प्रालेय, नीहार अशी शब्दांची श्रीमंती संस्कृताने आपणांस दिली. परंतु गुडघाभर हिमातून पाय उपसीत जाणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असा त्यांतील एकही नाही. ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही कथा मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ऐकली. त्या नावातील हिम म्हणजे केवळ वर्ण. जर्मन मूळकथेत राणी खिडकीशी शिवीत बसली असता तिच्या बोटातील रक्ताचे थेंब बाहेरच्या हिमावर पडतात. मराठीत त्या हिमाची गौरी झाली. हे भाषांतर मोठे गोड आहे, ह्यात शंका नाही. पण त्या गोडीत गारठा मात्र राहिला नाही.

वस्तुतः मराठीच्या घरात हिम पूर्वीपासून आहे, ते आपण ओळखीनासे झालो एवढेच. ‘हिवाळा’ ह्या शब्दातील ‘हिव’ म्हणजे हिमच; ‘हिवताप’ हा त्याचाच सोयरा. संस्कृतातून मराठीत उतरताना शब्द तोच राहिला आणि वस्तू गळून पडली. जेथे हिम पडत नाही तेथे हिव म्हणजे नुसती थंडी झाली, आणि अंगात भरणारी हुडहुडी झाली. निमाडातील मुलाची अडचण तर दुहेरी. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या ह्या मुलास ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने हेही ठाऊक असते आणि पीक करपविणारी थंडीही ठाऊक असते. त्यातल्या त्यात दुसरा पाला हीच त्याची खऱ्या हिमाशी सर्वांत जवळची ओळख होय. तिचा उपयोग कोणी शिक्षक करून घेईल तर बरे.

कोणी म्हणेल, इतका शब्दच्छल कशासाठी? हिम काय आणि बर्फ काय, मुलास थंडी कळली म्हणजे झाले. आमचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट आहे. हिमप्रदेशातील साहसकथेत हिम आणि बर्फ ही दोन पात्रे आहेत. त्यांचे स्वभाव भिन्न आहेत आणि कथानकातील कामेही भिन्न आहेत. वरून भुरभुरत पडते, साचते, झाकते ते हिम. पाणी गोठून घट्ट होते, तोलते आणि ऐन वेळी तडकते तो बर्फ. एक लपविते, दुसरा दगा देतो.

शान्ता शेळके ह्यांच्या ‘चौघीजणी’मुळे लुइसा मे अल्कॉटची कादंबरी मराठी वाचकांच्या घरची झाली आहे. तीत ज्यो आणि लॉरी गोठलेल्या नदीवर घसरत खेळावयास निघतात आणि रुसलेली धाकटी एमी मागून येते, तो प्रसंग आठवावा. काठाकाठाने चला, मधला बर्फ भरवशाचा नाही, असे लॉरी सांगतो. ज्यो ते ऐकते. एमीपर्यंत ते पोचत नाही. आणि हस्तलिखित जाळल्याचा राग मनात धरून बसलेली ज्यो तिला सांगत नाही. बर्फ तडकतो, एमी पाण्यात जाते. सगळ्या कादंबरीत ज्योच्या मनाची इतकी कठोर परीक्षा क्वचितच झाली असेल, आणि ती घेतली आहे बर्फाच्या जाडीने. तेथे बर्फ हा देखावा नाही, कथानकाचा कणा आहे.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही कादंबरी 1868 साली मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड येथे लिहिली गेली. त्याच प्रांतातील तळ्यांचा बर्फ कापून जहाजांनी 1833 साली कलकत्त्यास आणला गेला, आणि पुढे मुंबईसही येऊ लागला. काँकर्डजवळच्या वॉल्डनच्या तळ्यावर बर्फ कापणारे मजूर पाहून थोरोला आपल्या विहिरीचे पाणी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईचे लोक पिणार ह्याची मौज वाटली, ती त्याने 1854 च्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. एमी ज्यात बुडता बुडता वाचली त्याच जातीचा बर्फ आपल्याकडे सरबतात आला! एकाच वस्तूचे दोन अर्थ दोन समाजांत कसे झाले, ह्याचे ह्याहून नेटके उदाहरण मिळणार नाही.

परंतु हिम आणि बर्फ ह्यांचा भेद जीवनमरणाचा कसा होतो हे पाहावयाचे तर जॅक लंडनच्या ‘टु बिल्ड अ फायर’ ह्या कथेकडे वळले पाहिजे. यूकॉनच्या प्रदेशात एक मनुष्य कुत्र्यासह एकटाच निघाला आहे. ओढा तळापर्यंत गोठलेला आहे. पण डोंगरातून झिरपणारे झरे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाहीत. त्यांच्यावर बर्फाची पातळ साय धरते आणि त्या सायीवर हिमाचा थर बसतो. वर हिम, खाली बर्फ, त्याखाली पाणी, कधी कधी तर पुन्हा बर्फ आणि पुन्हा पाणी, असा तो सापळा आहे. मनुष्य त्यात फसतो, त्याचे पाय भिजतात. जाळ केल्याखेरीज जीव वाचणार नाही म्हणून तो झाडाखाली बसून जाळ करतो. काटक्या ओढताना प्रत्येक वेळी झाड किंचित हलते. आणि वरच्या फांदीवरचे हिम खालच्या फांदीवर, तेथून त्याच्या खालच्या फांदीवर असे ढासळत सगळे जाळावर येऊन पडते. बर्फाने त्याला भिजविले, हिमाने त्याचा अग्नी विझविला. आता ह्या दोहोंसही अनुवादकाने ‘बर्फ’ म्हटले, तर बर्फावर बर्फ होता आणि झाडावरून बर्फ पडला अशी वाक्ये होतील. मग वाचणाऱ्या मुलास वाटेल की झाडावरून लादी कोसळली. कथेचे यंत्र इतके नाजूक आहे की एका शब्दाच्या गोंधळाने ते बंद पडते.

ह्या कथेची दोन रूपे आहेत, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. पहिले 1902 साली एका तरुणांच्या साप्ताहिकासाठी लिहिलेले. त्यात टॉम व्हिन्सेंट हा तरुण हातापायांस इजा होऊनही वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा शिकतो. दुसरे 1908 चे. त्यातील मनुष्यास नाव नाही, तो मरतो, आणि कुत्रा काही वेळ वाट पाहून माणसांच्या तळाकडे निघून जातो. आमच्या बालमासिकांच्या रुचीस पहिले रूप अधिक मानवले असते, ह्यात आम्हांस संशय नाही. त्यात तात्पर्य आहे. परंतु त्यात थंडी ही छडी घेतलेली मास्तरीण झाली आहे. दुसऱ्या कथेत थंडी ही थंडीच आहे, तिला कोणास काही शिकवावयाचे नाही. दहाअकरा वर्षांच्या मुलास पहिली कथा द्यावी, ह्यास आमची हरकत नाही. पण चौदापंधरा वर्षांच्या मुलापासून दुसरी लपविणे हा त्याच्या समजुतीचा अपमान होय.

थंडीस द्वेष नसतो, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण आमच्या साहसकथेस बहुधा खलनायक लागतो. भा. रा. भागवत ह्यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. इंदुरास 1910 साली जन्मलेल्या ह्या लेखकाने मराठी मुलांसाठी जेवढे केले तेवढे दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचा करण्याचे श्रेय मोठ्या अंशी त्यांचे, आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा तर त्यांचा मानसपुत्रच. ह्या फेण्यास त्यांनी ‘काश्मिरी करामत’ करावयास लावली आणि ‘गुलमर्गचे गूढ’ही उकलावयास लावले. करामत आणि गूढ! नावांतच त्या कथांचा धर्म आला. फेण्याचे सामर्थ्य त्याच्या चलाखीत आहे, आणि चलाखीस समोर लबाड माणूस हवा असतो. चोर हवा, कारस्थानी हवा. तो त्या कथांचा दोष नव्हे. त्या वेगासाठीच मुले त्यांवर लुब्ध झाली. पण हिमवादळास फसविता येत नाही. त्यापुढे चपळ पोरापेक्षा हिशेबी पोर टिकते.

व्हर्नच्याच ‘कॅप्टन हॅतेरास’मध्ये ह्याचे सुंदर प्रत्यंतर आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या तुकडीजवळ जाळ करण्याचे साधन उरत नाही. तेव्हा डॉक्टर क्लॉबोनी स्वच्छ पारदर्शक बर्फाचा तुकडा तासून, हाताच्या उबेने गुळगुळीत करून त्याचे भिंग बनवितो आणि सूर्यकिरण एकवटून ठिणगी पाडतो. बर्फातून अग्नी! तोच डॉक्टर निवाऱ्यासाठी मात्र हिमाचे घर बांधतो, कारण हिमात हवा कोंडलेली असते आणि ती ऊब धरून ठेवते. भिंग हिमाचे होणार नाही. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने हे प्रकरण वर्गात वाचून दाखवावे. त्याचा तास वाया जाणार नाही.

काही मंडळी रूपांतराचा मार्ग सुचवितात. हिमाच्या जागी पाऊस घालावा, यूकॉनच्या जागी सातपुडा घालावा. प्रहसनात आणि कौटुंबिक कथेत रूपांतर आपल्याकडे उत्तम साधले आहे. परंतु हिमकथेत ते साधणार नाही. पाऊस आवाज करतो, वाहून जातो. हिम गुपचूप पडते आणि राहते. ह्या राहण्यातच ती कथा असते. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘द लाँग विंटर’ ह्या 1940 च्या पुस्तकात 1880-81 चा हिवाळा आहे. आगगाड्या बंद पडतात, कोळसा संपतो, घरचे लोक वाळले गवत पिळून त्याच्या जुड्या जाळतात आणि कॉफी दळण्याच्या लहान यंत्रात आळीपाळीने गहू दळतात. दोन तरुण दूरच्या शेतकऱ्याकडून गहू आणावयास निघतात, तेव्हा त्यांचे घोडे वारंवार हिमात खचतात. कारण दलदलीतील उंच गवतावर हिम साचलेले असते आणि खाली पोकळी असते. येथेही हिमाचे काम लपविण्याचेच. मराठी मुलास ह्या पुस्तकात शिरावयास हिमाचा दरवाजा लागणार नाही; दाण्यांचा हिशेब आणि दळण हा दरवाजा त्याच्या घरचाच आहे. एकदा तो आत गेला की हिम त्यास आपोआप भेटेल.

रशियन लेखक अर्कादी गायदार ह्यांची 1939 ची ‘चुक आणि गेक’ ही कथा त्याहून हळुवार आहे. दोन भावांच्या भांडणात एक डबी खिडकीबाहेर हिमात भिरकावली जाते आणि तीत वडिलांची तार असते. मुले आईस सांगत नाहीत. तिघे मॉस्कोहून दूर अरण्यात वडिलांच्या तळावर पोचतात, तो तळ ओस पडलेला! ‘सध्या येऊ नका’ असे त्या तारेत होते. पुढे आहे ती वाट पाहणी. येथे दुष्ट कोणीच नाही. एक लहानसे लपविणे आणि त्याच्या भोवती कोसभर हिम. खोटे बोलू नये हे मुलांस शंभर वेळा सांगितले जाते. गायदार ते एकदाही सांगत नाही, फक्त थंड चुलीपुढे त्यांना उभे करतो.

तेव्हा अनुवादकास आमची सूचना अशी. पडणाऱ्यास व साचणाऱ्यास कटाक्षाने ‘हिम’ म्हणावे, गोठलेल्या पाण्यास ‘बर्फ’ म्हणावे, आणि सबंध पुस्तकात हा नेम एकदाही मोडू नये. ‘हिम’ हा शब्द काव्यातला वाटतो, तो वापराने पायाखालचा होईल. ‘हिवाळ्या’त तो एकदा झालाच होता. आणि वर्गात अर्थ सांगण्यासाठी शिक्षकाने काश्मीरची चित्रे शोधीत बसू नये. शाळेबाहेर गोळेवाल्याची गाडी उभी असते. त्याची लादी म्हणजे बर्फ; तिच्यावर उभे राहता येते, ती मुठीत दाबली जात नाही, पडली तर फुटते. रंध्याखाली निघणारा तिचा पांढरा, भुसभुशीत कीस हा बुऱ्हाणपुरात हिमाच्या सर्वांत जवळचा. तो ओंजळीत मावतो, दाबला की गोळा होतो, आणि पेटत्या काडीवर टाकला तर ती विझते. लंडनची कथा वाचण्यापूर्वी मुलांनी हे दोन्ही हातात घेऊन पाहावेत. कीस वितळावयाच्या आत पहिले पान वाचून होते.