‘शेतकरी’ या संज्ञेची शासकीय व्याप्ती : करोनाकालीन साहाय्याच्या निमित्ताने

दुष्काळ, महापूर वा साथ यांच्या काळी शासन जे द्रव्य वाटते त्याचा विचार बहुधा रकमेच्या अंगाने होतो. ज्या शब्दांतून ते वाटले जाते त्यांचा क्वचितच. वस्तुतः रक्कम कोणाच्या हाती पडावी, हे प्रथम शब्दच ठरवितात.

२६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या गरीब कल्याण योजनेत सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २,००० रुपये एप्रिलच्या प्रारंभी देण्याचे ठरले. ही रक्कम मात्र नवी नव्हती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान किसान सन्मान निधी’तील वार्षिक ६,००० रुपयांच्या तीन हप्त्यांपैकी तो एक हप्ता होता, तो लौकर दिला गेला, इतकेच. टाळेबंदीत रोकड वेळेवर हाती येण्याचे मोल थोडे नव्हते. तथापि जे देणेच होते त्याला ‘साहाय्य’ म्हटल्याने दोहोंतील अर्थभेद पुसला गेला. कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहूंनी तगाई वाटली. ‘तगाई’ हा शब्द ‘बळ देणे’ या अर्थाच्या अरबी मूळापासून आला असला, तरी ते फेडावयाचे कर्ज आहे, याविषयी देणारा व घेणारा या दोघांच्याही मनात संदेह नसे.

याहून गंभीर प्रश्न ‘शेतकरी’ या संज्ञेचा आहे. ‘पहारेकरी’चा पहाऱ्याशी वा ‘वारकरी’चा वारीशी जो संबंध, तोच शेतकऱ्याचा शेताशी, तो कृतीचा आहे, स्वामित्वाचा नव्हे. ‘वाटेकरी’ हा शब्दही याच प्रत्ययाने सिद्ध झाला आहे. योजनेने मात्र १ फेब्रुवारी २०१९ रोजी भूमी-अभिलेखात ज्याच्या नावे जमीन होती, सामान्यतः त्यालाच शेतकरी मानले. सातबाऱ्यातील नमुना ७ हक्क सांगतो, नमुना १२ पिके सांगतो. योजनेने सात वाचला. बारा मिटलेलाच राहिला. परिणामी शेत खंडाने वा वाट्याने करणारा मनुष्य रूढ मराठीत शेतकरी, पण शासकीय मराठीत कोणीच नव्हे, अशी स्थिती उत्पन्न झाली.

येथे एक विपरीत योग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४८ च्या कूळकायद्याने कसण्याच्या कृतीला अधिकाराचे अधिष्ठान दिले. परंतु कुळाचा हक्क निर्माण होईल या भीतीने जमीनमालक लेखी करार टाळू लागले व व्यवहार तोंडी झाला. ज्या कायद्याने कसणाऱ्यास नाव दिले, त्याच्याच धाकाने ते नाव कागदावरून नाहीसे झाले. आणि साथीच्या काळात कागदावर नसणे म्हणजे साहाय्यास मुकणे ठरले.

अल्पावधीत कोट्यवधी लोकांस द्रव्य पोहोचवावयाचे तर तयार अभिलेखाचाच आधार घ्यावा लागतो, असा युक्तिवाद करता येईल, व तो निराधार नाही. पण मग त्या निधीस ‘खातेदार निधी’ म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरले असते. तसे नाव असते, तर वाटेकऱ्यासाठी वेगळी तरतूद हवी, हे त्या नावानेच उघड केले असते. व्यापक संज्ञा वापरून संकुचित व्याख्या करणे यात केवळ भाषिक शैथिल्य नाही. वगळलेला मनुष्य त्यामुळे वगळलेला म्हणूनही दिसत नाही.