‘अज्ञान’ मुलाचे ज्ञान : ताबा, इच्छा आणि कादंबरीचे निवेदन

घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहावे, या प्रश्नाभोवती मराठी न्यायव्यवहारात दोन संज्ञा रूढ आहेत : ‘ताबा’ आणि ‘अज्ञान’. पहिली घर-जमिनीलाही लागते. दुसरी सज्ञान न झालेल्या व्यक्तीची वाचक आहे. दोहोंच्या संयोगातून मूल सदैव कर्मस्थानी राहते. कायद्याला या मर्यादेचे भान नाही, असे म्हणता येत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ मध्ये शक्य तेथे अपत्यांच्या इच्छेचा विचार अपेक्षिला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने अज्ञानाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. तथापि इच्छेची नोंद व्हायची तर ती उच्चारली जावी लागते. मुलाला जे कळते पण सांगता येत नाही, ते साक्षीत उतरत नाही. कादंबरीचे कार्यक्षेत्र नेमके हेच आहे.

हेन्री जेम्स यांच्या ‘व्हॉट मेझी न्यू’ (१८९७) या कादंबरीत विभक्त आईवडील तडजोडीने मेझीला सहा-सहा महिने वाटून घेतात. हा समतोल पालकांपुरता आहे. वाटणी मात्र मुलीची होते. आरंभी ती एकाचे अपशब्द दुसऱ्याकडे निरोपासारखे पोचवते. आपला असा वापर होतो आहे हे उमगताच ती काहीच न कळल्याचे दाखवू लागते. येथे ‘अज्ञान’ ही कायदेशीर अवस्था न राहता मुलाने स्वीकारलेले संरक्षण ठरते. मुलांच्या जाणिवा त्यांच्या शब्दसंपदेहून पुष्कळ अधिक असतात, असे जेम्स यांनी १९०८ च्या प्रस्तावनेत सूचित केले आहे. त्यामुळे निवेदकाची प्रौढ भाषा आणि मेझीची जाणीव यांतील अंतर हा रचनादोष मानता येत नाही. ते अंतर हाच कादंबरीचा आशय होय.

मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ (१९७१) या हिंदी कादंबरीत हे अंतर निराळ्या रीतीने हाताळले आहे. बंटीला परिस्थितीचे आकलन होते ते लोककथेच्या रूपाने. फूफीने सांगितलेल्या गोष्टीतील रूप पालटणाऱ्या राणीशी तो आईला जोडतो. ही साक्ष नव्हे, परंतु भयाचे नेमके ज्ञान आहे. आईच्या पुनर्विवाहानंतरच्या घरात आणि पुढे वडिलांच्या कलकत्त्यातील घरात तो सामावला जात नाही. अखेरीस वसतिगृहाची वाट उरते. यावरून कादंबरी आईच्या पुनर्विवाहाला दोषी ठरवते, असे वाचन केले जाते. ते संहितेला धरून नाही. निवेदन बंटीच्या दृष्टिबिंदूला चिकटून असतानाही शकुनच्या मनात वारंवार प्रवेश करते आणि तिच्या एकाकीपणाला बंटीच्या एकाकीपणाइतकेच वजन देते. मुलाचे दुःख मान्य करण्यासाठी आईला आरोपी करावे लागत नाही, हे या दुहेरी केंद्रामुळेच शक्य होते.

दोन्ही कादंबऱ्या मुलाच्या वतीने निवाडा मागत नाहीत. ‘कल्याण’ हा शब्द प्रौढांच्या तोंडी असताना मुलाच्या वाट्याला काय येते, एवढेच त्या दाखवतात. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याच्या पर्यायाची शिफारस केली. या पर्यायात काळाची विभागणी अधिक न्याय्य होऊ शकेल. परंतु मेझीच्या सहा महिन्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही. न बोलणारे मूल अज्ञान असते, हे गृहीतक तपासण्याची जबाबदारी वाचकावर आणि समीक्षेवरही राहते.